मनकर्णाबाईंच्या तपासणीची तयारी

दौलतराव पाझारे गुरुजी ज्या शाळेत असत, त्या शाळेवर तपासणीत वाईट शेरा कधी आला नाही. सगळी नोकरी त्यांनी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत काढली. आधी गुडीहत्नूरच्या आसपासची खेडी आणि शेवटची काही वर्षं आदिलाबाद. तपासणीची तारीख कळली की वाटेकडेचे दगड चुन्याने पांढरे होत, फळ्यावर कोळशाचा हात फिरे, आणि साहेबांसमोर शिकवायचा धडा पंधरवडाभर आधीच शिकवून झालेला असे. ज्या पोराला वाचता येत नसे त्याच्याकडून गुरुजी ते पान पाठ करून घेत, आणि कोणत्या शब्दाला बोट कुठे असलं पाहिजे तेही. साहेब बहुतेक तेलुगू असत, मराठी त्यांना कळत नसे. ते ऐकत नसत, बघत. पुस्तकावर बोट सरकतंय, तोंड हलतंय, पोरगं अडखळत नाही, एवढं बघून ते पुढच्या वर्गात जात.

यात लबाडी आहे असं गुरुजींना कधी वाटलं नाही. आदिलाबाद तेव्हा आंध्रात, आणि आंध्रात मराठी शाळा म्हणजे आधीच परक्या घरची. शेरा चांगला आला तर शाळा राहणार, आणि शाळा राहिली तर ते पोरगं पुढच्या वर्षी खरंच वाचायला शिकणार. त्यांची बरीच पोरं तशी शिकलीही. गुरुजींचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. गुरुजी स्वतः अशाच एका शाळेत आधी पाठ करायला आणि मग वाचायला शिकले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी आदिलाबादजवळच्या मावल्यात घर बांधलं. दोन खोल्या, पुढे ओटा, विहार हाकेच्या अंतरावर. बायको मनकर्णाबाई त्यांच्याहून बऱ्याच लहान. लग्नाआधी आणि लग्नानंतरही पुष्कळ वर्षं त्या कापूस वेचायला जात. गुरुजींची नोकरी कायम झाल्यावर थांबल्या. गुडघे मात्र त्याआधीच गेले होते. पन्नाशीनंतर त्या काठी घेऊन चालू लागल्या. काठी बोरीची होती, गुरुजींनीच तासून दिलेली.

एकच मुलगी, यशोधरा. ती नर्सिंग शिकली, काही वर्षं हैदराबादला नोकरी केली, मग नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली आणि हॅमिल्टन नावाच्या गावात एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून लागली. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. तिला आणि नवऱ्याला तिथला कायम रहिवास मिळून काही वर्षं झाली होती, आणि आता ती आईवडिलांसाठीही तसाच अर्ज करू शकत होती.

तिने सगळं समजावून सांगितलं. हे पाहुणे म्हणून येणं नव्हतं. रहिवास मिळाला की कोणी जा म्हणणार नाही. सरकारी दवाखान्यात दाखल झालं तरी बिल येणार नाही. म्हातारपणी घरी येऊन बघणारी नर्ससुद्धा मिळते. बरीच वर्षं राहिलं तर पेन्शन मिळते. आणि वर्षभर राहिलं की मत देता येतं.

मताचं गुरुजींनी तिला दोनदा विचारलं. तिथले नागरिक नसताना? नागरिक नसताना, ती म्हणाली. प्रत्येक निवडणुकीत गुरुजींनी मतपेटीजवळ ड्युटी केली होती. कोणाला मत आहे आणि कोणाला नाही, हे त्यांच्या लेखी लहान प्रकरण नव्हतं. असा देश आपल्याला पसंत आहे, असं त्यांनी फोनवरच सांगून टाकलं.

पण खरं कारण मत नव्हतं, दवाखाना होता. आपण आधी जाणार, हे गुरुजींनी धरून ठेवलं होतं. आपल्यामागे मनकर्णाबाई मावल्यात एकट्या, गुडघे तसे, आणि काही झालं की नागपूर नाहीतर हैदराबाद. रहिवास मिळाला तर तिथे मुलगी होती आणि मुलीच्या मागे एक सरकार होतं. एवढं एक झालं की आपण केव्हाही डोळे मिटायला मोकळे, असं त्यांनी विहारात भगवंतरावांना सांगितलं.

भगवंतराव तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा अमेरिकेत होता आणि ते स्वतः सहा महिने तिकडे राहून आले होते, त्यामुळे मावल्यात परदेशाबद्दलचा शेवटचा शब्द त्यांचा असे.

“सहा मयने पाव्हणा म्हणून राह्यलो, गुर्जी,” ते म्हणाले. “आन् पाव्हण्याचा दात दुखू नये. पोरगा म्हने, बाबा, दात काढाच्या पैशात तुमी इंडियात जाऊन परत याल. म्या लवंग चावून दिवस काढले. तुमाले रहिवास भेटून राह्यला तं सोडू नोका. फकत मुआयना पास झाला पायजे.”

“कायचा मुआयना?”

“डागदरी. वरपासून खालपर्यंत पायतेत. धडधाकट मानूस पायजे त्याईले. वैनी तं काठी घेऊन चालतेत.”

भगवंतरावांनी तो मुआयना कधी पाहिला नव्हता. पाहुण्याला तो द्यावा लागत नाही. पण शब्द त्यांनी सरकारी कचेरीतला वापरला, आणि तो गुरुजींना नीट कळला. कोणीतरी साहेब बघायला येणार होता. त्याने काय बघितलं पाहिजे आणि काय बघता कामा नये, हे ठरवायला अजून वेळ होता.

यशोधराला विचारलं असतं तर एका फोनात उलगडा झाला असता. गुरुजींनी विचारलं नाही. तपासणीत काय बघणार हे साहेबांना विचारायचं नसतं, हा एक भाग. दुसरा असा की मुलगी नर्स होती आणि अर्ज ती भरणार होती. आईचे गुडघे किती गेलेत हे तिला नीट कळलं, तर ती ते खरं खरं लिहील, अशी त्यांना भीती होती. तसं लिहायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. शिवाय यशोधराने घर सोडलं तेव्हा आई बिनकाठीची होती. फोनवर काठी दिसत नाही.

मग तयारी सुरू झाली. रोज सकाळी गुरुजी मनकर्णाबाईंना मावल्याच्या तळ्याच्या पाळीवर घेऊन जात. काठी घरी ठेवायची. पाठ ताठ. पाऊल ओढायचं नाही, उचलायचं. घरी आल्यावर खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. डॉक्टर काय विचारतील आणि त्याला काय म्हणायचं, ते हिंदीत. गुडघे दुखतात? नहीं. चलने में तकलीफ? नहीं. रोज की कोई दवा? नहीं, कुछ नहीं. मनकर्णाबाई उभ्या आयुष्यात सही करण्यापलीकडे काही शिकल्या नव्हत्या, पण पाठांतर चांगलं होतं. सगळी वंदना त्यांना पालीत तोंडपाठ होती.

पाळीवर दोन-तीन वेळा बसावं लागे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या बसल्या त्या उठेचनात.

“मले काय बैलबजारात उभं करून राह्यले काय?” त्या म्हणाल्या.

गुरुजी हसले. बैल विकणारे लंगडं जनावर बाजारात कसं उभं करतात, हे दोघांनाही माहीत होतं.

मनकर्णाबाईंना परदेशाची ओढ नव्हती. तिकडेच जन्मलेली नात बघायची होती, तीही एकदाच. मग परत यायचं असं त्या धरून होत्या. पण नवऱ्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होईपर्यंत त्याला चैन पडत नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांच्या लेखी हे गुरुजींचं काम होतं आणि त्या त्यात मदत करत होत्या.

नुसत्या चालण्याने गुडघे सुधारेनात तेव्हा गुरुजी सुधाकररावांकडे गेले. सुधाकरराव आधी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते; आता मावल्यात त्यांचा स्वतःचा दवाखाना होता. अशांना आमच्याकडे आरएमपी डॉक्टर म्हणतात. कागदावर ते डॉक्टर नसतात, पण सकाळ-संध्याकाळ दारात असतात आणि उधारीवरही सुई देतात. सुधाकरराव भला माणूस. त्यांनी दर सोमवारी एक सुई आणि रोज दोन वेळा गोळ्या असं सांगितलं. किती दिवस, असं गुरुजींनी विचारलं. जोवर काम होत नाही तोवर, असं उत्तर मिळालं, आणि ते दोघांनाही पटलं.

गुण आठवडाभरात दिसला. मनकर्णाबाई सकाळी आपल्या आपण उठू लागल्या. पाळीवर त्या न बसता टोकापर्यंत जात. विहाराच्या पायऱ्या त्यांनी कित्येक वर्षांत चढल्या नव्हत्या, खालीच खुर्ची टाकून बसत. त्या पौर्णिमेला त्या वर गेल्या आणि बायकांमध्ये खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या. बयनाबाई म्हणून त्यांची कापूस वेचण्याच्या काळातली मैत्रीण होती. ती म्हणाली, मनकर्णा, तुले तं नवरी होऊन जाचं हाय वाटते. मनकर्णाबाईंनी तिला चिमटा काढला. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या गुरुजींनी ते पाहिलं. पुढे त्या सगळ्या वर्षाचा विचार करताना त्यांना पहिल्यांदा हाच चिमटा आठवे, आणि तो आठवला नसता तर बरं, असं वाटे.

अर्जाला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात सोमवार चुकला नाही. पोळ्याच्या दिवशी सुधाकररावांचा दवाखाना बंद असायचा, तेव्हा गुरुजी त्यांच्या घरी गेले. पावसाळ्यानंतर मनकर्णाबाईंची भूक कमी झाली. तोंड कडू लागतं, म्हणत. हिवाळ्यात पावलं सुजायला लागली, चपलेत पाय मावेना. सुधाकरराव म्हणाले की हे चालण्याने होतं, आणि सुजेची वेगळी गोळी दिली. सूज उतरली. बांगड्या मात्र घट्टच राहिल्या. पोरीले यातलं काही सांगू नको, एवढं गुरुजींनी बायकोला सांगून ठेवलं होतं, आणि त्या सांगत नसत. फोनवर त्या नातीचं विचारत आणि पाळीवर किती चालते ते सांगत. यशोधरा खूश होती. तिच्या वृद्धाश्रमातल्या बायका आईपेक्षा कितीतरी चांगलं खाऊन-पिऊनही एवढं चालत नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हैदराबादला तपासणीसाठी जायचं ठरलं. आदल्या दिवशी आरटीसीच्या बसने दोघं निघाली. काठी दाराआड उभी राहिली. मनकर्णाबाईंनी पांढरी साडी घेतली होती, पण गुरुजींनी निळी नेसायला लावली. पांढऱ्यात चेहरा फिका दिसतो, असं त्यांचं मत पडलं. चेहरा साडीमुळे फिका दिसत नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, तेलुगू, बोलायला मऊ. मनकर्णाबाई दारातून खुर्चीपर्यंत ताठ चालत गेल्या. हात न टेकता बसल्या. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा चालून झालं होतं.

“अम्मा, रोज की कोई गोली लेते क्या?”

“नहीं, कुछ नहीं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. जराही अडखळल्या नाहीत. बाजूला बसलेल्या गुरुजींना तेव्हा बरं वाटलं, वर्गात पाठ केलेलं पान पोराने नीट म्हटलं की वाटे तसं.

मग रक्तदाब घेतला. डॉक्टरीणबाईंनी तो पुन्हा घेतला, आणि थोड्या वेळाने तिसऱ्यांदा. खालच्या पापण्या ओढून बघितल्या. पावलावर अंगठा दाबला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. गुडघ्यांबद्दल काही विचारलं नाही. रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीचा फोटो काढला. गुरुजींची तपासणी लगेच उरकली. त्यांच्यात काही निघालं नाही. दोन दिवस थांबा, असं त्यांना सांगण्यात आलं.

दोन दिवसांनी रक्त पुन्हा घेतलं आणि त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे म्हातारे होते, उर्दू बोलत. त्यांनी रिपोर्ट बघितला, मनकर्णाबाईंकडे बघितलं. गोळ्या घेता का, असं त्यांनी विचारलंच नाही.

“दर्द की गोली कब से चल रही है?”

मनकर्णाबाईंनी गुरुजींकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलेलं नव्हतं.

“एक साल,” गुरुजी म्हणाले. मग सुयांचंही सांगितलं. शेवटी काठीचंही सांगितलं, आणि ती घरी का ठेवली तेही. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी रिपोर्ट मिटला.

“लकड़ी टेककर आतीं तो क्या होता, मास्टरसाब?” ते म्हणाले. “इस उम्र की आधी औरतें वैसे ही आती हैं. जाती भी हैं.”

मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली आहेत, असं त्यांनी सांगितलं. रक्तदाब आधीपासून असेल, कोणी बघितला नसेल. त्यावर हे वर्षभराचं औषध. गोळ्या आजच बंद. राहिलंय ते टिकवायचं. पुढे रक्त मशीनवर धुवून घ्यावं लागेल, ते लवकर की उशिरा एवढाच प्रश्न आहे. त्या देशाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं: ज्याला मशीन लागणार असं दिसतं, त्याला ते रहिवास देत नाहीत. आत असलेल्याला मशीन फुकट मिळते. बाहेरच्याला त्या मशीनसाठी आत घेत नाहीत.

परतीच्या बसमध्ये गोळ्या नसल्याने गुडघे दुखायला लागले होते. निर्मळ गाव मागे पडल्यावर मनकर्णाबाईंनी विचारलं,

“नापास झाली ना मी?”

“झोप थोडी,” गुरुजी म्हणाले.

“चाल्ली तं बराबर होती.”

गुरुजींनी पायाशी ठेवलेली पिशवी सरकवून त्यांच्या गुडघ्यांना जागा करून दिली.

नकार यायला काही आठवडे लागले. अर्ज दोघांचा मिळून एक होता, तेव्हा तो दोघांनाही होता. पण यशोधराला कारण आधीच कळलं होतं. रिपोर्ट तिने मागवून घेतला होता. नर्सला तो समजावून सांगावा लागत नाही. तिने फोन केला तेव्हा गुरुजींनी उचलला, आणि ती पहिलंच वाक्य बोलली ते असं: या गोळ्या आईला कोणी दिल्या?

गुरुजींनी तोंड उघडलं. पण ते बोलायच्या आधीच शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

“म्याच आनल्या, बाई,” त्या म्हणाल्या. “गुडघे लय दुखत होते. मेडिकलातून घेऊन येत होती. तुह्या बाबाले मालूम नव्हतं.”

पलीकडे यशोधरा रागावली, रडली, पुन्हा रागावली. तुला एवढी अक्कल नाही का, असं ती आईला म्हणाली, ते बाजूला ऐकू येत होतं. मनकर्णाबाई हो हो म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्या चूल पेटवायला गेल्या. गुरुजी तिथेच बसून राहिले. उद्या पुन्हा फोन आला की सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा फोन आला, त्यानंतरचे अनेक आले. दर वेळी सांगण्याआधी काहीतरी दुसरंच विचारलं जाई.

मशीन वर्षभरात लागली. आदिलाबादेत तेव्हा ती सोय नव्हती. नागपूर जवळ पडे, म्हणून आठवड्यातून दोनदा पैनगंगेचा पूल ओलांडून नागपूरची बस. एका धर्मादाय दवाखान्यात गरजूंना सवलत होती. खिडकीवरच्या माणसाने रेशनकार्ड बघितलं आणि परत दिलं. सवलत महाराष्ट्राच्या रहिवाशांना होती. तुम्ही आंध्राचे, तो म्हणाला, तुमचं तिकडे बघा. तिकडे म्हणजे हैदराबाद. इतक्या लांब, तेही आठवड्यातून दोनदा, मनकर्णाबाईंना झेपलं नसतं.

“आपन बोलतो तं त्याच्यासारखंच,” मनकर्णाबाई खिडकीपासून बाजूला होताना म्हणाल्या. तेवढंच. मशीनचे पैसे यशोधरा पाठवू लागली आणि दोघं जात राहिली. काठी पुन्हा बाहेर निघाली होती. जाताना मनकर्णाबाई एका हाताने ती टेकत, दुसरा हात गुरुजींच्या खांद्यावर. पूल आला की त्या विचारत, लागला का महाराष्ट्र? गुरुजी हो म्हणत. मग त्या डोळे मिटत.

हे दीड-पावणेदोन वर्षं चाललं. मनकर्णाबाई दोन हजार नऊच्या पावसाळ्यात गेल्या, घरीच, मशीनच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवशी. यशोधरा पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती पुण्यानुमोदनाला होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर मांडव टाकला. वंदना झाली. त्यानंतर आमच्याकडे जमलेल्यांपैकी ज्याला वाटेल तो उठून माइकवर गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतो. भगवंतराव बोलले, मनकर्णाबाई कापूस वेचायच्या तिथून सुरुवात केली. बयनाबाईंना बोलवलं, पण त्यांना बोलता आलं नाही. मग सुधाकरराव उठले. ते समाजातले नव्हते, पण शेजारी होते, आणि त्यांना मनापासून वाईट वाटलेलं होतं.

“बाईबद्दल म्या काय सांगू,” ते म्हणाले. “पन बायकोसाठी एवढं करनारा मानूस म्या पाह्यला नाई. वर्षभर दर सोमवारी गुर्जी बाईले घेऊन माह्याकडं येत. पाऊस राहो, पोळा राहो. एक सुई चुकवली नाई. गोळ्या सरल्या का दुसऱ्या दिवशी दारात हजर. तिकडं फारेनला नेऊन बाईले सुखात ठेवाचं होतं त्याईले.”

माइक चांगला होता. आवाज रस्त्यापर्यंत जात होता. यशोधरा पुढे बायकांत बसली होती. तिने मान वळवली नाही. सुधाकरराव बसल्यावर आणखी दोघं बोलले, मग जेवणं झाली, आणि वाढायला यशोधरा होती. सुधाकररावांच्या पानावरही तिने वाढलं, आणखी घ्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर वडिलांजवळ येऊन बसली.

“आई फोनवर खोटं बोलली,” ती म्हणाली. “तुमी बाजूलेच होते न?”

“हो.”

“ऐकून राह्यले होते.”

“हो.”

आणखी काही सांगावं म्हणून गुरुजी वाट बघत होते. ती विचारील आणि आपण सगळं सांगू, तळ्याच्या पाळीपासून. तिने विचारलं नाही. रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. ती म्हणाली की आता ती एकट्या वडिलांचा अर्ज भरणार आहे.

“मले काय कराचं तिथं?” गुरुजी म्हणाले.

“इथं काय कराचं हाय?” ती म्हणाली. “दिवसभर मी लोकाईचे मायबाप धुते, पुसते. माह्ये तुमी एकच राह्यले.” मग तिने नुसत्या चौकशीच्या आवाजात विचारलं की पासपोर्ट कुठे ठेवलाय.

गुरुजींनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला उरला आहे, असं त्यांना वाटत नव्हतं. भगवंतरावांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, चांगलं झालं, तुमचं शरीर मजबूत आहे, मुआयन्यात तुम्ही बिनघोर पास. आणि पुन्हा एकदा फायदे मोजायला लागले. दवाखाना, नर्स, पेन्शन, मत. गुरुजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. हे सगळं एकदा त्यांना स्वतःलाच पाठ होतं.

त्यानंतरच्या वर्षी हैदराबादला जायचं पत्र आलं. या वेळी तयारी काही केली नाही. दाढी दोन दिवसांची होती. बरोबर बोरीची काठी होती. गुडघे त्यांचे ठीक होते, पण पाऊल टाकताना आताशा ती हातात असली की बरं वाटे. खोली तीच होती आणि डॉक्टरीणबाईही त्याच. त्यांनी गुरुजींना ओळखलं नाही. रोज इतके लोक येतात. गुरुजी काठी टेकत खुर्चीपर्यंत गेले, काठीवर भार देऊन बसले. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या.

“बाबा, रोज की कोई गोली लेते क्या?”

“नहीं,” गुरुजी म्हणाले. “कुछ नहीं.”

हे खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि मान वर न करता सदऱ्याची बाही वर सरकवायला सांगितली.